पद्मिनीला बूस्टर हवा का?

जुन्या गाडीला बूस्टर बसवला की ती लवकर थांबते, असं मानणारी माणसं मला वरचेवर भेटतात. गाडी हौसेनं घेतलेली असते, रंगकाम झालेलं असतं, सीटची कव्हरं नवी घातलेली असतात, आणि पहिल्याच आठवड्यात पेडल जड वाटतं म्हणून तक्रार सुरू होते. रोज नवी हॅचबॅक चालवणाऱ्या पायाला पद्मिनीचा ब्रेक जड वाटणारच. मग कुणीतरी सुचवतं, अमुक गाडीचा बूस्टर टाका, एका दिवसाचं काम आहे. माझं सांगणं एवढंच आहे, की बूस्टर तुमच्या पायाचे कष्ट कमी करतो, गाडी थांबवण्याची ताकद वाढवत नाही. गाडी थांबवतात टायर, ड्रम आणि लायनिंग. साध्या ब्रेकवर जोरानं पाय दिल्यावर चाकं लॉक होत असतील, तर बूस्टर त्याहून जास्त काहीही देऊ शकत नाही. ती चाकं फक्त कमी जोरात लॉक होतील, आणि ओल्या रस्त्यावर ते धोक्याचंच आहे.

मी बोलतोय ते मुख्यतः फियाट अकराशे आणि तिचीच पुढची पिढी असलेल्या पद्मिनीबद्दल, कारण तीच माझ्या हातातली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, आणि मुंबईची काळी-पिवळी हे सगळं आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, आणि तेव्हापासून खासगी गाड्या सांभाळणाऱ्यांची हौस उलट वाढलेली दिसते. १०८९ सीसीचं इंजिन, नऊशे किलोच्या आतबाहेरचं वजन, अरुंद टायर, चारही चाकांना ड्रम, आणि मध्ये कुठलाही मदतनीस नसलेला हायड्रॉलिक ब्रेक. या गाडीनं टॅक्सी म्हणून पिढ्यान् पिढ्या मुंबईचं ट्रॅफिक काढलं, ते याच ब्रेकवर.

ड्रमला बूस्टरशिवाय भागतं, याला कारण आहे. ड्रम फिरत असताना पुढचा शू त्याला चिकटला की फिरणारा ड्रमच त्या शूला आणखी आत ओढून घेतो. पायाच्या जोरात चाकाची स्वतःची भर पडते. डिस्कमध्ये असं काही होत नाही. पॅड दोन बाजूंनी सरळ दाबले जातात, त्यामुळे तेवढ्याच ब्रेकसाठी तेलाचा दाब बराच जास्त लागतो. डिस्क आणि बूस्टर जोडीनं आले ते यामुळे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा, की तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना काय आहे. हलकी गाडी आणि चार ड्रम, तर बूस्टरची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी जड असेल किंवा पुढे डिस्क असतील, तर विचार करायला जागा आहे.

माझी सध्याची गाडी मी घेतली तेव्हा आधीच्या मालकांनी तिला पुढे डिस्क आणि बूस्टर बसवून घेतलेला होता. काम बघायला सुबक होतं. पुण्याच्या रस्त्यांवर पेडल लोण्यासारखं वाटायचं. काही काळानं मात्र सिग्नलला गाडी उभी करताना इंजिन चुकायला लागलं. आयडलिंग खाली पडायचं, कधी बंदच व्हायचं. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडला, जेट साफ केले, प्लग बदलले, टायमिंग पाहिलं. दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच.

पावसाळ्यात ताम्हिणी उतरत होतो. शेजारी मोठा भाऊ बसला होता. एका आवळ वळणावर गिअर खाली घ्यायला क्लच दाबला, ब्रेकवर पाय होताच, आणि इंजिन बंद पडलं. त्याच क्षणी पेडल दगडासारखं झालं. मी सगळं वजन पायावर टाकलं, तरी गाडी चालतच राहिली. क्लच दुसऱ्या गिअरमध्येच सोडला, चाकांनी इंजिन फिरवलं तेव्हा वेग थोडा मोडला, भावानं हँडब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून गाडी थांबवली. कुणाला लागलं नाही. दादा एवढंच म्हणाला, “आता इथून पुढं टोइंगनंच जायचं.”

नंतर गाडी उघडली तेव्हा कारणांची साखळी दिसली, आणि ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं समजून घ्यावी म्हणून तपशिलात सांगतो. बूस्टरच्या डब्यात रबराचा पडदा असतो. इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड त्या डब्यातली हवा ओढून घेत असतं. ब्रेक दाबला की पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो, तोच पायाला मिळणारा आधार. सात इंची डब्यात हा आधार दीडशे किलोच्या आसपास जातो, म्हणजे थोडाथोडका नाही. माझ्या गाडीत तो पडदा फाटलेला होता. ब्रेक दाबला की बाहेरची हवा फाटक्या पडद्यातून थेट मॅनिफोल्डमध्ये जायची, मिश्रण पातळ व्हायचं, आणि इंजिन चुकायचं. कार्बोरेटर निर्दोष होता. इंजिन बंद पडलं की डब्यातला व्हॅक्यूमही गेला. चांगल्या बूस्टरमध्ये इंजिन बंद पडल्यावरही एक-दोनदा आधाराचा ब्रेक लागतो, कारण नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवतो. फाटक्या पडद्यात तोही उरत नाही. म्हणजे ब्रेक दाबण्यामुळेच इंजिन बंद पडलं, आणि इंजिन बंद पडल्यामुळे ब्रेक गेला.

ब्रेक दाबल्यावरच इंजिन चुकतं का, हे म्हणून नीट बघा. तसं असेल तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी बूस्टरची व्हॅक्यूम नळी काढून मॅनिफोल्डचं तोंड बूच घालून बंद करा, आणि जागेवर उभ्या गाडीत आयडलिंग सुधारतं का ते पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी परीक्षा तर घरच्या दारात होते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बूस्टर काम करत नाही. ब्रेक ऑइल कमी होतंय, कुठंही गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून तेल बूस्टरमध्ये आणि तिथून इंजिनात जातंय, हे समजा.

पण पडदा फाटला एवढ्यानं पेडल दगड का व्हावं? साध्या ब्रेकच्या गाडीतही आधार नसतोच की. याचं उत्तर बसवण्याच्या पद्धतीत होतं, आणि बूस्टर टाकून देणारे ते कधीच सांगत नाहीत. बूस्टरला जोडताना पेडलच्या दांड्याचं प्रमाण बदललेलं होतं. साध्या ब्रेकमध्ये हे प्रमाण साधारण सहास एक असतं, म्हणजे पायाचा एक किलो पुढच्या दांडीवर सहा किलो होतो. बूस्टरच्या गाडीत ते चारास एकच्या आसपास असतं, कारण उरलेलं काम बूस्टर करणार असतो. शिवाय डिस्कसाठी मोठ्या व्यासाचा मास्टर सिलिंडर बसवला होता. व्यास वाढला की पेडल कमी जातं, तेल जास्त सरकतं, पण दाब कमी होतो.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहा. पायाचा जोर तीस किलो धरा. सहास एकच्या पेडलवर दांडीला १८० किलो मिळाले आणि मास्टर सिलिंडर पाऊण इंची असेल, तर तेलाचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ६३ किलो होतो. तोच पाय, पण पेडल चारास एक आणि सिलिंडर एक इंची केला, आणि बूस्टर मेला, तर उरतात जेमतेम २४ किलो. त्या वळणावर माझ्या पायाखाली मूळ गाडीच्या ब्रेकच्या निम्म्याहूनही कमी ब्रेक होता, आणि खाली डिस्क, ज्यांना दाब जास्त लागतो.

मी बूस्टर आणि डिस्क दोन्ही काढले आणि गाडी चार ड्रमवर परत आणली. ड्रम लेथवर फिरवून घेतले. ड्रम अंडाकृती झाला असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, आणि लोक त्यालाही ब्रेक कमी लागतो असंच म्हणतात. व्हील सिलिंडरची रबरं, सगळे होज बदलले. नाना पेठेत हिंडून चांगलं लायनिंग मिळवलं आणि शूवर रिव्हेट करून घेतलं. स्वस्तातलं कडक लायनिंग वर्षानुवर्षं झिजत नाही हे खरं, पण ते धरतही नाही, आणि पेडल जड असण्याचं निम्मं कारण बहुतेक गाड्यांत हेच असतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तेव्हा ड्रम उघडल्यावर ती भुकटी हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा, मिस्त्रीच्या फुप्फुसांचाही विचार करा.

सगळ्यात महत्त्वाचा बदल केला तो टँडम मास्टर सिलिंडरचा. जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट असतं, एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. टँडममध्ये पुढची आणि मागची चाकं वेगळी होतात, एक बाजू गेली तरी दुसरी राहते. हौसेचे पैसे बूस्टरवर घालायचे की टँडमवर, असा प्रश्न असेल तर मी विचार न करता टँडमवर घालीन. फक्त व्यास मूळच्या इतकाच ठेवा, आणि ड्रमला लागणारा किंचित दाब नळीत धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे ना, ते विचारा.

ब्रेक ऑइलबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपल्या हवेत ते फार लवकर बिघडतं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शिरलं की १४० पर्यंत उतरतो. घाटात तापलेल्या ड्रमजवळ ते तेल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पेडल फरशीला टेकतं. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी दोन वर्षांनी ते बदलावंच. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही खनिज तेल त्यात चुकूनही पडता कामा नये, सगळी रबरं फुगून बसतात.

बूस्टर कुणी लावावा, हेही सांगतो. माझ्या मावसभावाचे गुडघे दुखतात. ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात त्यांचा पाय भरून येतो. त्यांच्याकडे जड अँबेसिडर आहे. त्यांना मी बूस्टर लावा असंच सांगितलं, कारण थकलेला पाय हाही धोकाच आहे. मात्र त्यांची गाडी डिझेल. डिझेल इंजिनात हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला पुरेल एवढा व्हॅक्यूम तयारच होत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेक वेळा तो ऑल्टरनेटरच्या मागे बसलेला असतो. पेट्रोल इंजिनावर रेसिंगचा कॅम बसवला असेल तरी आयडलला व्हॅक्यूम पडतो. काम सुरू करण्याआधी गेज लावून मोजा. आयडलला सोळा-सतरा इंच पाऱ्याच्या खाली असेल, तर बूस्टर भरवशाचा राहणार नाही.

मूळ पेडलला आणि मास्टर सिलिंडरला हात न लावता नळीच्या मध्ये बसणारा रिमोट सर्व्हो हा जुन्या गाडीसाठी त्यातल्या त्यात शहाणा मार्ग आहे. तो बंद पडला तरी खाली मूळचा साधा ब्रेक शिल्लक राहतो. मास्टर सिलिंडरच्या मागेच डबा बसवायचा असेल, तर बूस्टर आणि सिलिंडर यांच्यामधल्या दांडीची लांबी मिस्त्रीकडून समोर मोजून घ्या. ती जरा लांब राहिली तर तेल परत टाकीत जायची वाट बंद होते, दहा-वीस किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप धरायला लागतो आणि ड्रम हात लावू न देण्याइतके तापतात.

कायद्याचंही पाहा. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रोज चालवायची गाडी साध्या नोंदणीवरच राहणार, दर पाच वर्षांनी तपासणीला जाणार, तेव्हा केलेला बदल आरटीओला दाखवता येईल असाच करा.

आणि बूस्टर लावलेली गाडी कुणाच्याही हातात देण्याआधी एक गोष्ट त्यांना तोंडानं सांगा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरायची सवय आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना आहे. साध्या ब्रेकवरही ती वाईटच, पण बूस्टरच्या गाडीत दोन-तीन दाबांनंतर पाय एकटा पडतो. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून उतरायचा. पेडल अचानक कडक झालंच, तर पंप करत बसायचं नाही. दोन्ही पायांनी दाबून धरायचं, क्लचला हात न लावता गाडी गिअरमध्येच ठेवायची, आणि शेजारच्यानं हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढायचा, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरणार नाही.