उपाध्याय कसा असावा?



विनयपिटकातील ‘महावग्ग’ म्हणजे भिक्खूंचे नियम, त्यांच्याशी आपला काय संबंध, असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. पण नव्या माणसाला कामात कसे तयार करावे, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने त्यातील पहिले प्रकरण अवश्य वाचावे.

आरंभी नव्या भिक्खूंना सांगणारे कोणी नव्हते. चीवर नीट नाही, भिक्षेला गेल्यावर वागण्याचा पोच नाही. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी उपाध्यायाची योजना केली. पुढे उपसेन नावाच्या अवघ्या एका वर्षाच्या भिक्खूने दुसऱ्याला उपसंपदा दिली, म्हणून दहा वर्षांची अट आली. तर दहा वर्षांचे अडाणीही शिष्य करू लागले! मग अट वाढली : दहा वर्षे हवीत आणि योग्यताही हवी. सेवाज्येष्ठतेच्या याद्या लावणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

शिष्याने उपाध्यायाला पाणी द्यावे, आसन मांडावे. उपाध्यायाने शिकवावे, शंका विचारू द्याव्यात, पात्र-चीवर नसल्यास मिळवून द्यावे. शिष्य आजारी पडला तर तीच सेवा उपाध्यायाने करायची. आणि उपाध्याय बोलता बोलता दोषाच्या जवळ जाऊ लागला तर शिष्याने त्याला आवरायचे! गुरूचा शब्द झेलावा, एवढेच ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नवे वाटेल. शिवाय समर्थ शिष्याला हा आश्रय पाचच वर्षे. पुढे त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी आठवा. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना दिले. पण पुस्तक देऊन ते थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, दरमहा 25 रुपये मिळाले. पात्र-चीवर मिळवून देणे ते हेच.

माझ्या घरातला मी पहिलाच पदवीधर. नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात खडू आणि हजेरी देऊन ‘वर्ग सांभाळा’ एवढेच सांगण्यात आले. दोन वर्षे मी चाचपडलो. मग एक वयस्क सहकारी आठवडाभर माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. शेवटी म्हणाले, “सर, तुम्ही फळ्याशी बोलता, पोरांशी नाही.”

आता मी एका नव्या शिक्षिकेच्या वर्गात तसाच मागे बसतो. परवा तिने मला बाजूला घेऊन सांगितले, “सर, मी शिकवताना तुम्ही मधे बोलता, पोरे मग माझ्याकडे बघतच नाहीत.” तेव्हापासून वही घेऊन बसतो, जे सांगायचे ते तास संपल्यावर.