मर्यादा : भुईची आणि वाणीची



संस्कृतात ‘मर्यादा’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शेताची, गावाची हद्द. दुसरा वागण्याबोलण्याची रीत. पाठशाळेत असताना हे दोन्ही अर्थ आम्ही घोकले होते. पण ते एका शब्दात का नांदतात, हे कळायला आम्हांला साठी ओलांडावी लागली आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडावे लागले. ते भांडण आज सांगतो. आपल्यापैकी कुणी नवे घर घेतले असेल, तर त्याच्या उपयोगी पडेल.

२०१७ साली तालुक्याच्या गावी आम्ही एक जुने घर विकत घेतले. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या होत्या : पूर्वेस अमक्याची मिळकत, दक्षिणेस रस्ता. विकणाऱ्याने हात लांब करून ‘त्या शेवग्यापर्यंत आपलं’ असे दाखवले आणि आम्ही मान डोलावली. मोजून घेतले नाही. पहिली चूक आमची. पुढच्या वर्षी आषाढीचा काला करून परत येतो, तो शेवगा तारेच्या पलीकडे! आमच्या मागे शेजाऱ्याने खांब रोवले होते. शेजारी माळकरीच; आमच्या कीर्तनात टाळ घेऊन मागे उभा राहणारा.

दोघांच्याही तोंडून नको ते शब्द गेले. पुढच्या एकादशीला तो कीर्तनाला आला नाही. आम्ही भूतमात्री समभावाचे निरूपण केले, पण चित्त सगळे त्या तारेवर. कीर्तन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडले. त्यांत एक माणूस कमी होता, आणि तो आम्ही घालवला होता. भुईची मर्यादा ठरायची होती. वाणीची मात्र आम्ही आधीच मोडली.

दिंडीतले एक वृद्ध विणेकरी म्हणाले, ‘महाराज, आधी मोजायचं, मग बोलायचं. तुम्ही उलटं केलंत.’ लाज वाटली. कारण हे तर आम्ही शिकलेलेच होतो. सीमाविवाद हे व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की, हद्दीचा निकाल ज्येष्ठात करावा, कारण तेव्हा खुणा उघड्या असतात. उन्हाने गवत वाळलेले असते, म्हणून. हद्दीवर वड-पिंपळासारखी दीर्घायुषी झाडे लावावी आणि जमिनीत दगड, विटा, कोळसा, खापऱ्या पुरून ठेवाव्या, असेही तेथे आहे. तात्पर्य, हद्दीचा वाद आवाजाने मिटत नाही, खुणेने मिटतो.

आजची खूण म्हणजे सरकारी मोजणी. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात आम्ही ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज केला, फी भरली. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या. २०१९ च्या ज्येष्ठात मोजणीदार आले, खुणा दाखवल्या, आणि पुढे नकाशाची ‘क’ प्रत हाती आली. शेवग्याच्या बाजूला तार दीड फूट आमच्या जागेत होती. उलट, आमच्या पडवीच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडत होत्या. ते पाणी तो बिचारा निमूटपणे सोशीत होता. हे आम्हांला कधी दिसलेच नव्हते.

आता मनात आले, दीड फूट सोडून द्यावे. वारकऱ्याला काय करायची भुई? सौ. म्हणाल्या, ‘घर दोघांच्या नावावर आहे. तुमचं कीर्तनातलं औदार्य माझ्या वाट्यातून नको. खांब जागेवर येऊ देत. हलवायची मजुरी मात्र निम्मी आपण देऊ.’

आणि आम्हांला तुकोबांचे चरित्र आठवले. कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडवण्यापूर्वी त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबांचा, निम्मा वाटा काढून दिला. बुडवले ते आपल्या वाट्याचे, असे सांगतात. पहा, आधी वाटणी, मग त्याग. जे आपले किती हेच ठरलेले नाही, ते सोडणे हा त्याग नव्हे, तो गोंधळ होय.

शेजाऱ्याने खांब हलवले. आम्ही मजुरी दिली आणि पागोळ्यांना पन्हळ लावली. दोन पंचांच्या सह्यांनी समजुतीचा कागद केला.

ज्यांचे असे सहज मिटत नाही, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, घर घेण्याआधीच मोजणी मागावी. मिळकत पत्रिकेतले क्षेत्र आणि जागेवरचे कुंपण ताडून पाहावे. दोन, जागा आपली असली तरी दुसऱ्याच्या ताब्यातले कुंपण स्वतः उपटू नये. जबरीने ताबा काढल्यास तो परत मिळवण्याचा दावा १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने सहा महिन्यांत करता येतो, आणि तिथे मालकी कोणाची हे पाहत नाहीत. तीन, समजुतीत जमिनीचा तुकडाच द्यायचा असेल, तर साधा कागद पुरत नाही. मुद्रांक आणि नोंदणी हवी. चार, दावा लागलाच तर लोकअदालतीत तडजोड करता येते. तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते.

पण गप्पही बसू नये. बारा वर्षे दुसऱ्याने उघडपणे, आपलीच म्हणून जागा वहिवाटली, तर आपला हक्क जाऊ शकतो. ‘जाऊ द्या’ म्हणून मनात कुढणे ही क्षमा नव्हे. स्वच्छ विचारावे, पण गोड विचारावे.

आता ज्येष्ठ लागला की आम्ही आणि शेजारी मिळून हद्दीच्या दगडांभोवतीचे गवत काढतो, दगड जागेवर आहेत ना ते पाहतो. मग तो टाळ घेतो, आम्ही पताका घेतो. शेवग्याच्या शेंगा दोन्ही घरी जातात.

रामकृष्णहरि.