जुन्या मोबाइलची बॅटरी आणि आपल्याकडचा उन्हाळा

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून निघालेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. या पाच-सहा महिन्यांत मूल आणि मायबाप यांच्यामध्ये एकच दुवा उरतो, तो म्हणजे मोबाइल. हा मोबाइल बहुधा नवा नसतो. कोणीतरी तीन-चार वर्षे वापरलेला, दुकानातून जुना म्हणून घेतलेला किंवा थोरल्या भावाकडून आलेला असतो.

डिसेंबरातल्या थंडीत रविवारी सकाळी मूल कार्यालयातून फोन लावते. पलीकडून आईचा आवाज येतो, ‘जेवलास का रे?’ एवढे होते आणि फोन तुटतो. पुन्हा लावला तर ‘स्विच ऑफ’. मुलाची समजूत होते की आईनेच फोन ठेवला. आठवड्याने वडील सांगतात, ‘सर, वीस टक्के बॅटरी दाखवत होती. आपोआप बंद पडला.’ त्यांचे म्हणणे खरे असते. पण फोन बंद का पडला याचे कारण त्या सकाळी शोधून सापडत नाही. ते सहा-सात महिने मागे, जालन्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली दडलेले असते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु परिणाम एका काळी दिसावा आणि कारण दुसऱ्याच काळात असावे, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. म्हणूनच विज्ञानाचा हा विषय हाती घेण्याचे धाडस केले आहे.

आजच्या मोबाइलमधील बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तिचा पाया घातला, १९८० साली जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र पुढे आणले आणि १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो यांनी तिला वापरण्याजोगे सुरक्षित रूप दिले. १९९१मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचा, आणि दोहोंच्या मध्ये एक सेंद्रिय द्राव. चार्जिंग करताना लिथियमचे आयन त्या द्रावातून ग्राफाइटकडे जातात. फोन वापरताना ते परत फिरतात. या ये-जा करणाऱ्या आयनांची संख्या म्हणजेच बॅटरीची क्षमता. नव्या बॅटरीच्या पहिल्याच काही चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो आवश्यकच असतो, कारण तो नसेल तर द्राव आणि ग्राफाइट यांची प्रक्रिया थांबणारच नाही. परंतु हा पापुद्रा कधीही पूर्ण स्थिर होत नाही. बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाशी क्षारांचा थर जसा दिवसेंदिवस जाड होतो, तसा तोही जाड होत जातो. त्याच्या वाढीत लिथियम खर्ची पडते आणि ते परत मिळत नाही. शिवाय थर जाड झाला की आयनांची वाट अडते, म्हणजेच बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. क्षमता घटणे आणि रोध वाढणे, हेच बॅटरीचे म्हातारपण.

आता उष्णतेचा संबंध पाहू. रासायनिक प्रक्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचे सूत्र स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले. ढोबळमानाने दहा अंश तापमान वाढले की अनेक प्रक्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. पापुद्रा जाड होण्याची प्रक्रियाही याच नियमाने चालते. (याच अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित केले होते. आपला मोबाइल का तापतो आणि आपला उन्हाळा का तापतो, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच माणूस भेटावा, हा योगायोग टिपून ठेवण्यासारखा आहे.)

बॅटरीविषयक मार्गदर्शनात नेहमी दिले जाणारे काही आकडे येथे देतो. ते कोबाल्टयुक्त बॅटरीचे व अंदाजे आहेत. पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर २५ अंश सेल्सिअसला नुसती ठेवली, तरी तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांना ठेवली तर ६५ टक्के. हीच बॅटरी ४० टक्के भरून ठेवली, तर २५ अंशांना ९६ आणि ४० अंशांना ८५ टक्के क्षमता राहते. म्हणजे उष्णता एकटी जेवढी झीज करते, त्याहून कितीतरी अधिक झीज उष्णता आणि पूर्ण चार्ज यांची जोडी करते. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्या दाबाखाली आतील द्राव लवकर बिघडतो.

आपल्या घरांत नेमकी हीच जोडी जुळून येते. जालना जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान चाळिशी ओलांडते. पत्र्याच्या खोलीत ते बाहेरच्या सावलीपेक्षाही जास्त असते. वीज आली की लगेच फोन लावायचा, शंभर टक्के झाला तरी तसाच लावून ठेवायचा, कारण वीज पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नाही. चार्जिंगची स्वतःची उष्णता त्यात मिसळते, वर जाड कव्हर असते. हा निष्काळजीपणा नव्हे, ती परिस्थितीने लावलेली सवय आहे. ॲपल कंपनीच्या सूचनेत फोन वापरण्याचे योग्य तापमान ० ते ३५ अंश दिलेले आहे, आणि ३५ अंशांच्या वर बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असा इशाराही आहे. आपल्याकडे मार्चच्या उत्तरार्धापासून मृग बरसेपर्यंत बहुतेक दुपारी ही मर्यादा ओलांडली जाते. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित खोली असावी. टिनपत्र्याचे घर तरी नसावे.

उन्हाळ्यात बॅटरी त्याच दिवशीही लवकर उतरते, हेही खरे. भर उन्हात पडदा दिसावा म्हणून फोन प्रकाश वाढवतो, आणि पडदा हा विजेचा मोठा ग्राहक आहे. तापलेल्या चिपमधून होणारी विजेची गळती वाढते. बॅटरीची आपोआप उतरण्याची गतीही वाढते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तासभर चित्रीकरण केल्यावर फोनने तापमानाची सूचना देऊन कॅमेरा बंद केल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तो फोन स्वतःला वाचवत असतो, म्हणून चिडण्याचे कारण नाही.

मात्र खरी फसगत पुढेच आहे. उष्णतेत आयनांची हालचाल सुलभ होते, रोध तात्पुरता कमी होतो. त्यामुळे झिजलेली बॅटरीसुद्धा मे महिन्यात फारशी तक्रार करीत नाही. नुकसान होत असते, पण ते जाणवत नाही. पुढे डिसेंबर येतो. उसाच्या फडावर पहाटे कडाक्याची थंडी असते. थंडीत आयन मंदावतात आणि रोध वाढतो; त्यात उन्हाळ्याने कायमचा वाढवून ठेवलेला रोध मिळतो. फोन लावताच, विशेषतः टॉवर दूर असेल तर, बॅटरीवर अचानक भार येतो, दाब आवश्यक पातळीच्या खाली घसरतो आणि वीस टक्के शिल्लक दिसत असतानाही फोन बंद पडतो. शिल्लक असते, पण त्या क्षणी बाहेर काढता येत नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या, तेव्हा आपल्या मुलांचे शिक्षण अशाच जुन्या फोनवर चालले. उन्हाळाभर तासन्‌तास चाललेल्या त्या फोनांपैकी किती पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकले, याची नोंद कोणी ठेवली असती तर बरे झाले असते.

पालकांनी काय करावे, हे आता सांगतो. चार्जिंग शक्यतो रात्री उशिरा किंवा पहाटे करावे. दुपारी पत्र्याखाली टाळावे. कव्हर काढून, फोन फरशीवर किंवा मोकळ्या हवेत ठेवावा. उशीखाली, गोधडीत किंवा पत्र्याच्या भिंतीला टेकवून नव्हे. रोज शंभर टक्क्यांचा हट्ट नको, ऐंशीच्या आसपास थांबावे. ज्या फोनमध्ये ही मर्यादा घालण्याची सोय आहे, तेथे ती चालू करावी. दुचाकीच्या हँडलवर उन्हात फोन लावून ठेवू नये. तापलेला फोन फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवण्याची काहींना सवय आहे. त्याने आत दमट बाष्प धरते आणि एकाऐवजी दोन दुखणी होतात. सावलीत, बंद करून ठेवला की पुरे. काही महिने वापरायचा नसेल, तर निम्मा भरून, बंद करून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा.

बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर तो फोन त्या क्षणापासून चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. आतील द्राव ज्वलनशील असतो. तो जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा.

फोन बाकी ठीक असेल, तर नव्या फोनसाठी मुकादमाकडून आणखी उचल घेण्यापूर्वी नुसती बॅटरी बदलण्याचा विचार करावा. तिचा खर्च फोनच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. मात्र ओळखीच्या, विश्वासाच्या दुकानातूनच घ्यावी. निकृष्ट बॅटरी पुढच्या उन्हाळ्यातच दगा देते. हे काम दसऱ्यापूर्वी, टोळी निघण्याआधी उरकावे. आणि फडावर थंडीच्या दिवसांत फोन कोपीच्या दाराशी टांगून न ठेवता अंगातल्या आतल्या खिशात ठेवावा. रविवारी आमच्याकडून फोन साधारण नऊनंतर लावला जाईल. तोवर ऊन थोडे वर आलेले असते.