हात मागे नेऊ नका

चूक माझी नव्हती, हे आधी सांगते. कारण घरी कुणी भेटायला आलं की अजूनही ‘आईंनी घाई केली’ हेच ऐकवलं जातं.

६९व्या वर्षी मोरीत पडले. दंडाचं हाड खांद्यापाशीच फुटलं, म्हणून ‘रिव्हर्स’ सांधा बसवला. त्यात गोळा फऱ्याकडे आणि वाटी दंडाकडे, असं उलटं असतं.

तिसऱ्या आठवड्यात घरी फिजिओ यायला लागला. दहा दिवसांचे पैसे आगाऊ घेतले. चौथ्या दिवशी त्याने माझ्या हाताची झोळी काढली, मनगट धरलं आणि हात कमरेमागे ओढला. “अहो, नको,” मी ओरडले. “काकू, दुखणारच. साडी मागे खोचायची ना? फ्रोझन शोल्डरला मी असंच करतो.” आत काहीतरी घसरलं. खांद्याचा गोलवा गेला. “बर्फाने शेका,” म्हणून तो बॅग उचलून गेला.

रात्री एक्स-रे काढला, तर सांधा निखळलेला. सर्जननी माझंच डिस्चार्ज कार्ड पुढे धरलं. बारा आठवडे हात पाठीमागे न्यायचा नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. चार दिवसांत त्या माणसाने ते कार्ड एकदाही मागितलं नव्हतं! भूल देऊन सांधा परत बसवला. फिजिओने आगाऊ पैसे परत दिले नाहीत, वर सुनेला सांगितलं, “काकूंनीच हातावर जोर दिला असेल.”

म्हणून असा सांधा बसवलेल्यांना सांगते. फिजिओने खांद्याला हात लावण्याआधी त्याला कार्ड वाचायला लावा, सर्जनशी फोनवर बोलायला लावा. खुर्चीतून उठताना त्या हाताने रेटा देऊ नका. उताणं झोपताना कोपराखाली उशी हवीच. कोपर खाली गेलं की हात आपोआप मागे जातो. पुढून बटणांचा गाऊन घाला. बाही आधी दुखऱ्या हातात, काढताना तो हात शेवटी. ऑपरेशननंतर बधिरतेचं इंजेक्शन उतरायच्या आत वेदनेची गोळी मागून घ्या, ऑपरेशनची ती रात्र मी विसरणार नाही. बोटं, मनगट हलवत राहा. नीट जेवा, धीर धरा.

आठ महिने झाले. आता माझी वेणी मी घालते. समोरच्या इमारतीत तोच फिजिओ परवापासून येतो आहे. तिथल्या आजींना मी कार्ड उशाशी ठेवायला सांगून आले.