श्रीहार्जो : जावांतील एक भातशेतीचें गांव

जावा बेटाचें नांव आमच्या ऊसकऱ्यांस अपरिचित नाहीं. तेथें १९२१ सालीं केलेल्या संकरापासून निघालेला पी. ओ. जे. २८७८ हा ऊस दख्खनच्या कालव्यांखालीं कांहीं काळ बराच होता, आणि पुढें महाराष्ट्रांत घरोघर झालेल्या को ४१९ या जातीच्या कुळींतही तोच आहे. बेणें आपण घेतलें. पण तें ज्या मुलखांतून आलें तेथील लहान शेतकरी कसा नांदतो, याचा विचार आपण क्वचितच करितों. म्हणून प्रस्तुत लेखांत तेथील एका गांवाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

श्रीहार्जो हें गांव योग्यकर्ता शहराच्या दक्षिणेस बांतुल जिल्ह्यांत, इमोगिरी विभागांत आहे. इमोगिरीच्या टेकडीवर सतराव्या शतकापासून माताराम राजघराण्याच्या कबरी आहेत. गांवाच्या नांवांतील 'श्री' हा शब्द आपल्या ओळखीचाच. मात्र जावांत देवी श्री ही मुख्यतः भाताची देवता होय, आणि लोक मुसलमान असले तरी शेतांतून तिचें नांव पुसलें गेलेलें नाहीं. गांव म्हणजे एकच वस्ती नव्हे, अनेक वाड्या मिळून तें झालें आहे. पश्चिमेकडील वाड्या सपाटीवर, पाटाच्या पाण्याखालीं. पूर्वेकडील ओयो नदीच्या कांठीं डोंगरांत, जेथें जमीन बहुतेक कोरडवाहू.

पाऊस साधारणपणें नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत. आपल्याकडे हरभरा घाट्यांवर येतो त्या सुमारास तेथें खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात. पाणी असेल तेथें भाताचीं दोन पिकें, व मग मका, सोयाबीन किंवा भुईमूग. पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्यास उलु-उलु म्हणतात. काम आपल्या पाटकऱ्याचेंच. गांवकामगारांस मोबदल्यादाखल गांवाच्या मालकीचीं खाचरें कसावयास मिळतात, त्यांस लुंगुह हें नांव आहे. पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनाची आठवण व्हावी अशीच ही रीत. आपलीं वतनें कायद्यानें गेलीं, ती मात्र टिकून आहे.

घराभोंवतालचें परडें हें जावांतील शेतकऱ्याचें दुसरें शेत होय. वर नारळ, त्याखालीं फणस व मेलिंजो, मग केळी, बांबूचें बेट, आणि अगदीं खालीं सावलींत आलें-हळद व कंद, अशी ती एकावर एक रचलेली लागवड असते. लांबून पाहणाऱ्यास गांव दिसतच नाहीं, झाडीच दिसते. नारळाच्या पोयीचा रस सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून उतरवावयाचा व चुलीवर आटवून गूळ करावयाचा, हा तेथील गरिबांचा धंदा. मेहनत व जळण फार, मिळकत अगदीं बेताची. तरी ज्यास खाचर नाहीं तो दुसरें काय करणार?

या गांवाचें नांव अभ्यासकांत झालें तें मसरी सिंगारिम्बुन व डेव्हिड पेनी यांच्यामुळें. १९७० च्या सुमारास त्यांनीं येथील कुटुंबांचा जमाखर्च पाहिला व १९७३ सालीं तो इंग्रजींत प्रसिद्ध केला. आम्हांस त्यांतील एकच शब्द फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे 'चुकुपान'. याचा अर्थ 'पुरेसें'. श्रीमंती नव्हे, पण दोन वेळ भात, अंगावर वस्त्र, आणि कर्जाशिवाय वर्ष काढतां येणें. त्यासाठीं किती जमीन लागते ? उत्तर आलें तें असें : ०.७ हेक्टर खाचर व ०.३ हेक्टर परडें; म्हणजे आपल्या हिशेबानें पावणेदोन एकर भातजमीन आणि पाऊण एकर परडें. इंडोनेशियाच्या १९६० सालच्या जमीनविषयक कायद्यानें दर शेतकरी कुटुंबास निदान दोन हेक्टर मिळावे असें ध्येय ठेविलें होतें. श्रीहार्जोच्या लोकांचें मागणें त्याच्या निम्मेंच होतें. आणि तेवढेंही फारच थोड्यांपाशीं निघालें.

याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. मुलगे व मुली दोघांसही जमिनींत वांटा मिळतो, व बेटावर माणसांची दाटी पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला तो याच दुखण्यावर. पण शेत न तोडण्याचा हुकूम केल्यानें पोटें कमी होत नाहींत, हें आपण जाणतोंच.

मग ज्याच्यापाशीं तुकडाही नाहीं तो जगे कसा ? कोणी अर्धेलीनें शेत करी. त्यास तेथें 'मारो' म्हणतात. पण बहुतेकांचा खरा आधार कापणी हा होता. जुन्या भाताची कापणी विळ्यानें होत नसे. 'आनी-आनी' नांवाचें बोटभर पातें लांकडाच्या तुकड्यांत आडवें बसविलेलें असतें. तें तळहातांत लपवून एकेक लोंबी खुडावयाची. देवी श्रीला शस्त्र दिसूं नये म्हणून ही काळजी, असें सांगत. हें काम बायकांचें. खुडलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या धन्याच्या अंगणांत न्यावयाच्या, आणि तेथें वांटणी होऊन जीस जो हिस्सा मिळे तो 'बावोन'. नात्याच्या व शेजारच्या बाईस जास्त, परकीस कमी. हिस्सा ठिकठिकाणीं निराळा. आपल्या खळ्यावरील बलुत्याशीं याचें नातें वाचकांच्या ध्यानीं येईल. मुख्य गोष्ट ही कीं, येणारीस नको म्हणण्याची चाल नव्हती. हिशेबी मनुष्य म्हणेल कीं, दहांचें काम शंभर करीत. खरें आहे, परंतु त्या नव्वदांचीही चूल त्यावर पेटे.

१९६७-६८ च्या पुढें फिलिपाईन्समधील आय. आर. ५ व आय. आर. ८ या बुटक्या जाती सरकारी मोहिमेंतून खतासह आल्या. पीक वाढलें, यांत शंका नाहीं. १९८४ सालीं इंडोनेशियानें तांदुळांत स्वयंपूर्णता जाहीर केली. मध्यंतरीं तपकिरी तुडतुड्यांनीं भात खाल्लें, औषधें मारावीं तसतसे ते वाढले, व १९८६ सालीं भातावर ५७ कीटकनाशकांस बंदी करावी लागली. तो धडा आपल्याही उपयोगाचा आहे, पण त्यास स्वतंत्र लेख पाहिजे. येथें सांगावयाचें तें निराळें. नव्या जातींचें भात बुटकें व सहज झडणारें. त्यास विळाच सोयीचा. त्याच सुमारास मध्य जावांत 'तबासान' वाढलें, म्हणजे उभें पीक व्यापाऱ्यास विकून टाकावयाचें. व्यापारी आपले मोजके विळेकरी, तेही बहुधा पुरुष, घेऊन येई. धन्यास शेजारणीस नाहीं म्हणण्याचा संकोच उरला नाहीं, कारण शेत आतां त्याचें नव्हतेंच. शिवाय गिरण्या आल्या आणि भात कांडण्याचें कामही गेलें. ज्या वर्षांत खळ्यावर रास वाढली, त्याच वर्षांत भूमिहीन बाईच्या पाटींतला वांटा घटला. दोष बियाण्यास द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. वांटणीची रीत बियाण्याबरोबर येत नाहीं, ती माणसांनीं ठरवावी लागते.

२७ मे २००६ रोजीं पहाटे झालेल्या भूकंपानें बांतुल जिल्हा सर्वांत अधिक हादरला. एकंदर पांच हजारांवर माणसें दगावलीं. घरें पुन्हां उभीं करितांना सरकारी पैसा शेजारच्या घरांचे गट करून त्यांचेकडे देण्यांत आला, व परस्परांस हातभार लावण्याची जुनी चाल कामीं आली. शेतांतून हटलेली ही चाल घरांच्या बाबतींत टिकली होती, हें नमूद करण्यासारखें आहे.

आज श्रीहार्जोंतील पेलेमाडू ही वाडी 'पेयेक'साठीं प्रसिद्ध आहे. तांदुळाच्या पिठाच्या पातळ भिजवणांत शेंगदाणे घालून तळलेली ही कुरकुरीत चकती घरोघर तयार होते व बाहेर विकली जाते. खाचरें सभोंवार हिरवीं आहेतच. पण वाडीची मीठभाकर आतां लोंबीपेक्षां कढईवर अधिक अवलंबून आहे.