कर्ज आणि पट्टी



आपल्या रात्रीच्या वर्गात एक दिवस एक आजी पुस्तकाबरोबर एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आज हे आधी वाचू. पुस्तक मागनं."

आजी आपल्या गावात लेकीकडे राहतात. पण त्यांचे दोन खोल्यांचे घर सोलापूरच्या हद्दवाढ भागात आहे. कागद त्या घराच्या पट्टीचे बिल होते. तीन वर्षे येणारी बिले त्यांनी पेटीत जपून ठेवली होती. कागद महत्त्वाचा आहे एवढे त्यांना कळत होते. त्यात काय लिहिले आहे, ते मात्र कळत नव्हते.

आजी बोट ठेवून वाचू लागल्या. "मा-ग-णी. थ-क-बा-की. शा-स्ती." इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "शास्ती म्हंजे शिक्षाच की! मी काय गुन्हा केला?"

गुन्हा काही नव्हता. पण महापालिकेची पट्टी मुदतीत भरली नाही, तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. हजार रुपये थकले, तर महिन्याला २० रुपये. वर्षाला २४० रुपये. पेटीतला कागद गप्प बसला होता, पण त्यावरचा आकडा काही बसून राहिला नाही.

मागच्या रांगेतला एक तरुण म्हणाला, "भरू नका आजी. निवडणूक आली की माफ होतंय." दुसरा म्हणाला, "नळाला रोज पाणी नाही, मग पट्टी कशाची?" तिसरा म्हणाला, "शहरावर कर्ज झालंय म्हणून पट्टी वाढवतात. कर्ज त्यांनी काढलं, आम्ही का फेडायचं?" वर्गात चांगलेच भांडण जुंपले. म्हणून हा धडा लिहिला आहे.

पालिकेचा संसार

आपल्या घरात जसा संसार असतो, तसाच पालिकेचाही असतो. सोलापुरात 'इंद्रभुवन' या जुन्या देखण्या इमारतीत महापालिकेचा कारभार चालतो. १९६४ साली सोलापूरची नगरपालिका महानगरपालिका झाली.

या संसाराला खर्च काय? पाणी, दिवे, झाडलोट, गटारे, रस्ते, दवाखाने, शाळा आणि नोकरांचे पगार. एकट्या पाण्याचेच पाहा. सोलापूरला पाणी एकरुखच्या तलावातून येते, भीमेवरच्या टाकळी बंधाऱ्यातून येते आणि थेट उजनी धरणातून येते. उजनी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथून पाणी आपणहून चालत येत नाही. ते पंपाने ढकलावे लागते आणि पंपाला वीज लागते. नळाला पाणी चार दिवसांनी आले, तरी विजेचे बिल महिन्याला येतेच.

मग उत्पन्न कुठून येते? पूर्वी मोठा आधार जकातीचा होता. शहरात माल आला की नाक्यावर पैसे भरायचे. गाड्यांच्या रांगा लागत, पण पालिकेच्या हातात रोजचा पैसा पडे. २०१० पासून आपल्या राज्यात एकेका शहरातली जकात बंद होऊन 'एलबीटी' म्हणजे स्थानिक संस्था कर आला. सोलापुरातही तो आला. व्यापाऱ्यांनी राज्यभर त्याला विरोध केला, दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी देशभर जीएसटी सुरू झाला. तेव्हापासून जकातीची भरपाई म्हणून सरकारकडून पालिकेला अनुदान मिळते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी पालिकेची कमाई स्वतःच्या नाक्यावर होती. आता मोठा पैसा वरून येण्याची वाट पाहावी लागते. स्वतःच्या हाताने वाढवता येईल असे उत्पन्न उरले ते मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. म्हणून राजकारणातली भांडणेही या दोन पट्ट्यांभोवती जमा झाली.

विहिरीचे कर्ज आणि लग्नाचे कर्ज

कर्ज वाईट की चांगले? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे मी काय सांगावे! विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि लग्नाच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज, दोन्ही कर्जेच. पण विहिरीला पाणी लागले, तर विहीर आपले कर्ज आपणच फेडते. जेवणावळीचे कर्ज मात्र पोरांच्या ताटातून फेडावे लागते.

शहराचेही तसेच आहे. नवी जलवाहिनी घातली, तर ती पुढची पिढीही वापरणार. तिचा सगळा बोजा एकाच वर्षाच्या पट्टीवर टाकणे बरोबर नाही. तिथे कर्ज शोभते. पण पगार भागवायला आणि जुने देणे द्यायला कर्ज काढले, तर समजावे की घराचे वासे मोजायची वेळ आली. कायद्यानेही पालिकेला मनाला येईल तसे कर्ज काढता येत नाही. राज्य सरकारची परवानगी लागते.

आता थोडे गणित करू. समजा, एका शहराने १०० कोटी रुपये ८ टक्के व्याजाने घेतले. पहिल्या वर्षाचे व्याजच ८ कोटी झाले. समजा, त्या शहरात २ लाख घरे-दुकाने आहेत. ८ कोटी भागिले २ लाख, म्हणजे ४००. दर घरामागे ४०० रुपये नुसते व्याज. मुद्दल तर वेगळेच!

म्हणजे काय? कर्ज ही उशिरा येणारी पट्टी आहे. कर्जाचा नारळ फुटतो तेव्हा टाळ्या वाजतात. पट्टीचे बिल येते तेव्हा दगड उचलले जातात. पण नारळ आणि बिल एकाच झाडाचे आहेत.

तीन शहरांच्या गोष्टी

पहिली पुण्याची. २०१७ साली पुणे महापालिकेने रोखे काढून २०० कोटी रुपये उभे केले. रोखे म्हणजे कर्जाचे कागद. मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. काम होते चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेचे. काम सुरू व्हायला उशीर झाला आणि विरोधकांनी विचारले, "काम नाही, तर पैसा आधीच का घेतला? व्याज कोण देणार?" प्रश्न रास्त होता. त्याच योजनेपायी पाणीपट्टी काही वर्षे दरसाल १५ टक्क्यांनी वाढवायचे ठरले होते. १५ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण १०० रुपयांची पट्टी दरसाल १५ टक्के वाढली, तर पाच वर्षांत २०१ रुपये होते. दुप्पट! पाटीवर करून पाहा.

दुसरी जळगावची. तिथल्या नगरपालिकेने १९८९ पासून पुढे घरकुले आणि इतर कामांसाठी हुडको या सरकारी संस्थेकडून मोठी कर्जे घेतली. गरिबांसाठी ११ हजारांवर घरे बांधायचे ठरले. त्यांतली थोडीच पूर्ण झाली. हप्ते थकले, व्याजावर व्याज चढले. पुढे महापालिका झाली, पण कर्ज मानेवरून उतरले नाही. पालिकेची बँकेतली खाती गोठवण्यापर्यंत पाळी आली. खाते गोठले की झाडूवाल्याचा पगार अडतो आणि गटार तुंबते. कर्ज कोणी काढले आणि चटका कोणाला बसला, पाहा! शेवटी २०१९ साली राज्य सरकारला मध्ये पडून तडजोड करावी लागली. घरकुलांतल्या गैरव्यवहाराचा खटलाही चालला. त्याच वर्षी धुळ्याच्या न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यावर पुढे वरच्या न्यायालयात अपिले झाली.

तिसरी नाशिकची. २०१८ साली तिथल्या आयुक्तांनी करआकारणीचे दर पुष्कळ वाढवले. शहराच्या हद्दीतल्या मोकळ्या जागा आणि शेतजमिनीही त्यात आल्या. शेतकरी रस्त्यावर उतरले. नगरसेवक आयुक्तांवर अविश्वास ठराव आणायला निघाले. तेव्हा आयुक्तांनी वाढीव दर निम्म्यावर आणले आणि ठराव मागे पडला. नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. वाढ नको म्हणणाऱ्यांचे दुःख खरे होते. पिकाच्या पैशावर पोट असलेल्याने शहरी दराची पट्टी कशी भरावी? पण शहराला पैसा लागतो हेही खोटे नव्हते. चूक कुठे झाली? आधी लोकांना विश्वासात घेतले नाही, तिथे.

हद्दवाढीचे दुखणे

हे दुखणे सोलापूरलाही ठाऊक आहे. १९९२ साली शहराची हद्द वाढली. शेळगी, बाळे, केगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, देगाव अशी गावे शहरात आली. गावकरी रात्रीत शहरकर झाले. ग्रामपंचायतीची पट्टी गेली आणि महापालिकेची आली. पण गटार, रस्ता आणि नळ पट्टीच्या मागून हळूहळू आले. कुठे कुठे वर्षानुवर्षे आलेच नाहीत. तेव्हा लोक म्हणू लागले, "पट्टी शहराची, चिखल गावचा."

त्यावर पालिका म्हणते, "वसुली नाही तर गटार कशाने बांधू?" लोक म्हणतात, "गटार नाही तर पट्टी कशाला भरू?" मोटेला बैल लावल्यावाचून पाणी येत नाही, आणि पाणी दिसल्यावाचून बैल लावायचा नाही, अशी ही अडवणूक आहे. यात दोन्हीकडचे पुढारी आपापली भाकरी भाजून घेतात. सत्तेत असले की म्हणतात, "कर्ज काढल्याशिवाय विकास नाही." विरोधात गेले की तेच म्हणतात, "शहर गहाण टाकले." खुर्च्या बदलल्या की वाक्येही बदलतात.

निवडणूक जवळ आली की पट्टीवाढ फेटाळली जाते. ती वाढ नाहीशी होत नाही, नुसती साचते. मग एखाद्या वर्षी एकदम अंगावर येते. थकलेल्या शास्तीला सूट देणारी अभय योजनाही वेळोवेळी निघते. गरीब थकबाकीदाराला तिचा आधार होतो हे खरे. पण ज्याने पोटाला चिमटा घेऊन वेळेवर भरले, तो विचारतो, "माझ्या इमानाला काय सूट?" त्याला उत्तर कोणी देत नाही.

बोलायची वेळ कोणती?

बिल हातात पडल्यावर भांडणे म्हणजे वरात गेल्यावर घोडा शोधणे. पुढच्या वर्षाच्या पट्टीचे दर महापालिकेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. अंदाजपत्रक त्याच सुमारास मांडतात. बोलायचे ते तेव्हा. आपला नगरसेवक कोण हे ठाऊक असावे. सोलापुरात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. विचारायला दार नसले म्हणजे काय होते, ते त्या काळात लोकांनी पाहिले.

तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातले, आम्हाला काय त्याचे? अहो, ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी असतेच ना? वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. तिथे हिशेब विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि शहर वाढत वाढत कोणाच्या बांधाला येईल, ते सांगता येत नाही.

कर्जाची किंवा पट्टीवाढीची गोष्ट निघाली की चार प्रश्न विचारा. पैसा कोणत्या कामासाठी? किती, आणि व्याजासकट किती? काम कधी पुरे होणार? आणि फेडणार कोण, कशातून? उत्तर कागदावर मागा. जो पुढारी या चार प्रश्नांची नीट उत्तरे देतो, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याचे ऐका. जो नुसता ओरडतो, तो आपल्या बाजूने ओरडत असला तरी त्याला प्रश्न विचारा.

आजींचे काय झाले?

त्या रात्री आम्ही सगळे बिल वाचले. मागणी किती, थकबाकी किती, शास्ती किती, हे आजींनी वहीत वेगवेगळे मांडले. बेरीज त्यांनीच केली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर आली. मग म्हणाल्या, "एवढं एकदम जमणार नाही. शेळी विकून निम्मं भरते. उरलेल्याची मुदत मागते. आणि घरापुढं गटार कधी करणार, हे पण विचारते."

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. पाच ओळींचा. अक्षरे वाकडी होती, पण मुद्दे सरळ होते. एका ओळीत पट्टी भरण्याचे वचन आणि दुसऱ्या ओळीत गटाराची मागणी. खाली अंगठा नव्हता, सही होती.

मघाचा तरुण ते पाहत होता. दुसऱ्या दिवशी तोही आपल्या घरचे बिल घेऊन आला.

विचार करा व लिहा

१. ५,००० रुपये पट्टी थकली. दरमहा २ टक्के शास्ती लागते. सहा महिन्यांची शास्ती किती?
२. विहिरीचे कर्ज आणि लग्नाचे कर्ज यांत फरक काय? आपल्या गावातले एकेक उदाहरण द्या.
३. तुमच्या घरपट्टीची पावती आणा. त्यातले न कळणारे शब्द वहीत उतरून घ्या.
४. पुढच्या ग्रामसभेत विचारायचा एक प्रश्न लिहा. खाली सही करा.