ताप उतरल्यानंतरचे दुखणे : चिकुनगुनिया आणि आपली रोगप्रतिकारशक्ती

पावसाळा सरत आला की बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास ऐकू येते : “ताप तीन दिवसांत गेला, पण हातपाय काही सुटेनात.” सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, घोटे सुजलेले असतात, पाण्याची घागर उचलताना मनगटात कळ येते. तपासावे तर ताप नाही, क्ष-किरण चित्रात हाडे निर्दोष, रक्ताचे बहुतेक अहवाल ठीक. सोबत आलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर काळजी असते. आणि खरे सांगायचे तर कधी कधी संशयही असतो. आजार संपला, मग माणूस कामाला का लागत नाही, हा तो संशय. या दुखण्याला खरे कारण आहे आणि ते आपल्याच शरीराच्या संरक्षण-व्यवस्थेत आहे, हे आमच्या हितचिंतकांना आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना समजावून सांगण्यासाठी हा लेख.

मराठवाड्यातील जाणत्या वाचकांना २००६ साल आठवत असेल. त्या वर्षाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यातील मालेगावात तापाचे आणि सांधेदुखीचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले आणि पुढे राज्याच्या अनेक जिल्ह्यांत ही साथ पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशातील १५१ जिल्ह्यांत साडेबारा लाखांहून अधिक संशयित रुग्ण होते. त्यांपैकी २,५८,९९८ एकट्या महाराष्ट्रातील होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्यामुळे ‘चिकनगुनिया’ हा कोंबडी खाल्ल्याने होणारा आजार, असा समज अनेक ठिकाणी पसरला. वास्तविक या नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. हा आजार प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ मध्ये आफ्रिकेतील टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात. तेथील माकोंडे लोकांच्या भाषेतील ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले. रुग्ण वेदनेने कमरेत वाकून चालतो, हे त्या लोकांनी डॉक्टरांच्या आधी टिपले होते.

मात्र २००६ ची साथ महाराष्ट्रातील पहिली नव्हती. १९७३ मध्ये आपल्यापासून फार दूर नसलेल्या, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या आजाराची मोठी साथ आली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. शहरातील दर तीन माणसांमागे एकाहून अधिक जण आजारी पडल्याचे त्यातून दिसले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ देशात मोठी साथ आली नाही. या अवधीत जन्मलेल्या पिढीच्या रक्तात या विषाणूविरुद्ध कोणतीही प्रतिद्रव्ये नव्हती. २००५ च्या अखेरीस विषाणू परतला तेव्हा त्याचे वाणही वेगळे होते. जुन्या साथी आशियाई वाणाच्या होत्या. ही साथ आफ्रिकी वाणाची होती, असे राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवून दिले. ज्या लोकसमूहाला शत्रूची ओळखच नाही, त्याच्यात तो वाऱ्याच्या वेगाने फिरतो.

आता शरीरात नेमके काय घडते ते पाहू. दिवसा चावणाऱ्या, अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एडिस डासाच्या दंशातून विषाणू त्वचेत शिरतो आणि तेथून रक्तात पोहोचतो. तीन ते सात दिवसांत त्याची संख्या अफाट वाढते. बाधा झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. थंडी वाजून येणारा ताप, अंगदुखी, गळून जाणे ही सारी या पहिल्या झुंजीची लक्षणे आहेत. रुग्णाला वाटते विषाणू त्याला छळतो आहे. पण त्या छळाचा बराचसा भाग संरक्षक दलाच्या धावपळीचा असतो.

पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुसरी फळी उभी राहते. आधी आयजीएम आणि पाठोपाठ आयजीजी ही प्रतिद्रव्ये रक्तात येतात, विषाणूला चिकटतात आणि रक्तातून त्याचे उच्चाटन करतात. आयजीएम काही महिने टिकते. आयजीजी आणि स्मृतिपेशी दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकतात. म्हणूनच एकदा चिकुनगुनिया झालेल्या व्यक्तीला तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. डेंग्यूची गोष्ट निराळी. त्याचे चार प्रकार आहेत. एकाची प्रतिद्रव्ये दुसऱ्यापासून संरक्षण देत नाहीत, उलट दुसऱ्या वेळचा आजार कधी कधी अधिक गंभीर करतात. दोन्ही आजार एकाच डासापासून होत असल्याने लोक त्यांची गल्लत करतात. पण प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आहे.

रक्त स्वच्छ झाले, मग सांधे का दुखतात? या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. हिंदी महासागरातील रियुनियन या छोट्या बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला हा आजार झाला. तेथील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा आजारानंतर अठरा महिन्यांनी तपासण्यात आला, तेव्हा त्यातील भक्षक पेशींमध्ये विषाणूचे अंश सापडले. २०१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या पेशींचे काम शत्रूला गिळून संपवण्याचे. येथे मात्र त्याच त्याचे आश्रयस्थान झालेल्या दिसल्या. याउलट, कोलंबियातील रुग्णांच्या सांध्यांतील द्रव आजारानंतर सुमारे दोन वर्षांनी तपासला असता त्यात विषाणू आढळलाच नाही; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. तरीही त्या रुग्णांचे सांधे दुखत होते. उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसते की, सांध्यांची सूज बऱ्याच अंशी टी-पेशींमुळे, म्हणजे शरीराच्याच सैनिकांमुळे, येते.

ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी वाटली तरी दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे. विषाणूचे थोडे अवशेष उरोत वा न उरोत, त्याच्याविरुद्ध पेटलेला दाह वेळेवर विझत नाही. आपल्या भागातला शेतकरी हे सहज समजू शकेल. पाचट पेटवल्यावर शेताच्या मध्यभागी जाळ संपलेला दिसतो, पण बांधाच्या कडेने धग बराच वेळ राहते. तेथे आता जाळण्यासारखे किती उरले आहे, यावर ती अवलंबून नसते. इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये रक्तात जास्त राहिलेल्या रुग्णांमध्ये दुखणे लांबते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, आधीपासून सांधेदुखी असलेले आणि पहिल्या आठवड्यात फार तीव्र आजार सोसलेले रुग्ण यांना हा धोका अधिक. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो.

दुखणे किती दिवस राहते? रियुनियनमधील एका पाहणीत पंधरा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक रुग्ण सांधेदुखीची तक्रार करीत होते. आपल्याकडील चित्र अधिक आशादायक आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीनंतर ग्रामीण भागातील रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. बहुसंख्य रुग्ण बरे झाले. दोन वर्षांनंतरही दुखणे राहिलेले रुग्ण अगदी थोडे होते. हा फरक कशामुळे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पाहणीची पद्धत हे एक कारण असावे. आणि आमच्या मते, दुखते म्हणून सांगायची उसंत कोणाला आहे, हेही एक कारण असावे.

ही उसंत आपल्या तालुक्यात अनेकांना नाही. तलवाडा, उमापूर, मादळमोही, चकलांबा या भागांतून दरवर्षी कित्येक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एडिस डासाचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो आणि तोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. म्हणजे चिकुनगुनियानंतरचे दुखण्याचे दोन-तीन महिने नेमके कारखान्यावर जाण्याच्या दिवसांत येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दोघांपैकी एकाचा हात चालला नाही तर कोयता अर्धा होतो आणि गैरहजेरीचा खाडा अंगावर पडतो. पुस्तकांत या आजाराचे वर्णन ‘प्राणघातक नाही’ असे असते. ते बहुतांशी खरे आहे. पण ज्या बाईला मनगटाच्या बळावर उचल फेडायची आहे, तिच्यासाठी हे दोन महिने म्हणजे वर्षभराचे कर्ज असते.

या घाईतूनच पुढचा अनर्थ घडतो. लवकर बरे व्हायचे म्हणून लोक गावातल्या कोणाकडून तरी सलाईन, इंजेक्शन आणि पुडीतल्या गोळ्या घेतात. या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉईड असते. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात आणि देणाऱ्याची कीर्ती पसरते. पण स्टेरॉईड हे प्रतिकारशक्तीलाच दाबणारे औषध आहे. रक्तात विषाणू असताना, म्हणजे पहिल्या आठवड्यात, ते घेणे म्हणजे दरोडा चालू असताना राखणदाराला झोपवणे. नंतरही ते मनाने महिनोन्महिने घेतल्यास मधुमेह, रक्तदाब, जठरातील व्रण, हाडांची झीज हे विकार उद्भवतात. आणि एकाएकी बंद केल्यास दुखणे उसळून येते, क्वचित जिवावरही बेतते. निवडक रुग्णांना तज्ज्ञ हे औषध अल्प काळ देतात, पण मात्रा ठरवून आणि टप्प्याटप्प्याने कमी करून. २००६ मध्ये क्लोरोक्विनचाही पुष्कळ बोलबाला झाला होता. रियुनियनमधील चाचणीत तापाच्या काळात त्याचा उपयोग दिसला नाही, डॉ. चोप्रा यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही साध्या वेदनाशामकापेक्षा ते सरस ठरले नाही.

पहिल्या आठवड्यात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती हाच खरा उपचार. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन वा अन्य वेदनाशामके घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव होण्याची भीती असते. ताप उतरल्यावर दाह कमी करणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत, सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हालचाल करावी. अंथरुणाला खिळून राहिल्यास सांधे अधिकच आखडतात. तीन महिन्यांनंतरही सूज असल्यास मात्र थांबू नये. कारण काही रुग्णांमध्ये आमवातासारखा सांध्यांचा विकार सुरू झालेला असतो आणि त्याला मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधे लागतात. अशा रुग्णांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तपासणीसाठी जाता येते.

लसीविषयी देणगीदार उत्सुकतेने विचारतात. २०२३ मध्ये अमेरिकेत चिकुनगुनियावरील पहिल्या लसीला मान्यता मिळाली. परंतु गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींमुळे २०२५ मध्ये तेथे तिचा परवाना स्थगित झाला. दुसरी, वेगळ्या पद्धतीची लसही २०२५ मध्ये तेथे मान्य झाली. आपल्या गावांसाठी सध्या तरी डासांना रोखणे हाच उपाय आहे. आपला प्रदेश अवर्षणाचा. गोदावरी तालुक्याला लागून वाहते, तरी अनेक वस्त्यांवर पाणी आठवड्याने येते किंवा टँकरने. ते रांजणात, हौदात आणि प्लास्टिकच्या टाक्यांत साठवावेच लागते, आणि एडिस डासाला नेमके असेच स्वच्छ, साचलेले पाणी हवे असते. ‘पाणी साठवू नका’ हा शहरी उपदेश येथे निरर्थक आहे. अंडी घातल्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, आतून घासून, उन्हात वाळवावे. अंडी भांड्याच्या कडेला घट्ट चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. जो हौद रिकामा करणे शक्य नाही, त्यावर दाट कापड बांधावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत.

विषाणू पुन्हा येणार का, या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. २०१६ मध्ये पुण्यात आणि दिल्लीत, २०२४ मध्ये राज्याच्या अनेक भागांत रुग्ण वाढले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतून गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत सरासरी १८ टक्के लोकांमध्येच चिकुनगुनियाची प्रतिद्रव्ये आढळली. दक्षिणेकडील राज्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. म्हणजे देशातील बहुसंख्य लोकांना हा विषाणू अजून भेटलेला नाही.

रुग्णाला आणताना ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, ही तारीख कुटुंबीयांनी अवश्य लिहून आणावी. पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणू शोधणारी चाचणी उपयोगी पडते आणि त्यानंतर आयजीएमची. दुसऱ्याच दिवशी आयजीएम तपासल्यास आजार असूनही अहवाल निर्दोष येतो. आधी घेतलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट किंवा पुडीही सोबत असावी. पुडीत काय होते, हे कळले नाही तर पुढचे औषध ठरवताना आमचे हात बांधले जातात.